सप्टेंबरच्या उकाड्यात सेल्युलर ट्रेल कॅमेरा: दोन हंगाम वापरल्यानंतर

माझ्या सासऱ्यांचं शेत विस्कॉन्सिनच्या रिचलंड काउंटीत आहे, मॅडिसनहून गाडीनं सव्वा-दीड तासावर. ऐंशी एकर. हिमयुगातले बर्फाचे थर या भागावरून फिरले नाहीत, त्यामुळे इथली जमीन सपाट झालीच नाही. डोंगराच्या सोंडा, अरुंद घळी आणि जागोजागी झरे. वर ओकचं रान, मधल्या उतारावर झुडपं आणि गवत, खाली सोयाबीन आणि अल्फाल्फा. एका झऱ्याला बांध घालून सासऱ्यांनी फार पूर्वी एक छोटं तळं केलंय. त्या तळ्याकाठच्या अक्रोडाला मी ऑगस्ट २०२३ मध्ये सेल्युलर ट्रेल कॅमेरा, म्हणजे रानातल्या जनावरांचे फोटो फोनवर पाठवणारा कॅमेरा, बांधला. २०२३ आणि २०२४ असे दोन हंगाम तो वापरला. २०२५ चा धनुष्यबाणाचा हंगाम १३ सप्टेंबरला उघडला, आणि ओळखीतले तीन-चार जण ‘कॅमेरा घेऊ का’ म्हणून विचारतायत, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

कंपनीचं नाव लिहीत नाही. माझं जे मुख्य म्हणणं आहे ते एका कंपनीपुरतं नाही. आत बसवलेल्या सेन्सरबद्दल ते आहे, आणि बाजारातल्या बहुतेक सगळ्या ट्रेल कॅमेऱ्यांत त्याच जातीचा सेन्सर असतो.

शिकारीचं नाव काढलं की आपल्याकडच्या माणसांच्या कपाळावर आठी येते, ते मला माहीत आहे. माझं माहेर साकोलीचं. नागझिऱ्याच्या इतक्या जवळ वाढलेल्या मुलीला हरणावर बाण रोखायची कल्पनासुद्धा आधी सहन झाली नव्हती. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. इथली परिस्थिती वेगळी. या भागात हरणं मारणारं मोठं जनावर जवळपास उरलेलं नाही, व्हाइटटेल हरणं लाखोंनी आहेत, आणि त्यांची संख्या राज्य सरकार परवान्यांच्या हिशेबानं सांभाळतं. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही. मीही तो केला. आमच्या घरात वर्षभर जे मांस शिजतं ते बहुतेक याच शेतावरचं असतं.

सासरे बारा वर्षांचे असल्यापासून या रानात बसतायत. २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना उतार चढणं बंद झालं. कॅमेरा घ्यायचं मूळ कारण ते होतं. त्यांना घरी बसून रान दिसावं.

वस्तू काय आहे ते आधी सांगते. जेवणाच्या उभट डब्याएवढी पेटी, रंग झाडाच्या सालीसारखा. पट्ट्यानं खोडाला आवळायची. समोरून जनावर गेलं की फोटो निघतो आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून फोनवर येतो. फोटोखाली काळी पट्टी असते, तिच्यावर तारीख, वेळ, तापमान, चंद्राची कला. आपल्याकडे वाघांच्या मोजणीसाठी वनखातं जंगलात जे कॅमेरा ट्रॅप लावतं, त्यांच्याच भावकीतलं हे यंत्र. मला शंभर डॉलरला पडलं, वर महिन्याचे दहा डॉलर प्लॅनचे. बारा पेन्सिल सेल लागतात, आणि ते लिथियमचेच घाला.

पहिला सप्टेंबर मी ॲपवर पूर्ण विश्वास ठेवून काढला. ॲपमध्ये एक आलेख असतो. तुमच्याच फोटोंवरून तो दाखवतो की कोणत्या तासाला, कोणत्या तापमानाला किती हरणं हलली. आमचा आलेख अगदी ठाम होता: पारा ८० अंश फॅरनहाइटच्या वर, म्हणजे साधारण २७ सेल्सिअसच्या वर गेला की हालचाल शून्य. पहिलं हरीण अंधार पडल्यावर. मला ते लगेच पटलं, कारण सगळेच तसं म्हणतात. हंगामाच्या सुरुवातीला उकाडा असला की हरणं दिवसा हलत नाहीत, थंडीची लाट येईपर्यंत घरी बसा. मी घरी बसले. दोन आठवडे.

मग १४ सप्टेंबर २०२४ आला. हंगामाचा पहिला दिवस, शनिवार. तो सप्टेंबर इथे फार कोरडा आणि गरम गेला. त्या दुपारी बार्नच्या उत्तरेच्या भिंतीवरचा थर्मामीटर ८६ दाखवत होता, म्हणजे ३० सेल्सिअस. सासरे म्हणाले, “आज तू मारायला नको जाऊस, नुसती बघायला जा. पहिल्या दिवशी रान बघावं.” म्हणून चार वाजता क्रॉसबो (घोडा दाबून बाण सोडायचं आडवं धनुष्य) घेऊन मचाणावर चढले. तळ्यापासून चाळीस यार्ड वर, उतारावरच्या ओकवर. तिथून तळं, तळ्याकाठचा अक्रोड आणि त्यावरचा कॅमेरा असं तिन्ही स्वच्छ दिसतं.

साडेपाच वाजून गेले असतील. ऊन अजून सोयाबीनवर होतं. उत्तरेच्या उतारावरून, जिथे दिवसभर सावली असते तिथून, एक मादी निघाली. मागे दोन पाडसं, अंगावरचे ठिपके जवळजवळ विरलेले. मादीचा उन्हाळी तांबूस रंग मानेवरून आणि पुठ्ठ्यावरून झडत चालला होता आणि खालून करडा हिवाळी केस वर येत होता, त्यामुळे तिच्या अंगावर ठिगळं दिसत होती. कोट अर्धा हिवाळ्याचा आणि हवा उन्हाळ्यातली. तोंड किंचित उघडं होतं. तिघंही कॅमेऱ्यासमोरून, फार तर पंचवीस फुटांवरून चालत गेली, पाणी प्यायली, पाडसांनी बांधावरचं गवत खुडलं, आणि सात-आठ मिनिटांनी ती सोयाबीनच्या कडेला निघून गेली. फोन खिशात थरथरायची मी वाट बघत होते. थरथरला नाही. पाऊण तासानं एक तरुण नर सरळ कॅमेऱ्याच्या दिशेनं चालत आला, पेटी हुंगली, वळला. फोन गप्प.

रात्री जेवताना फोन वाजला. ८ वाजून १२ मिनिटं, तापमान ७१, दोन माद्या. दुसऱ्या दिवशी ॲपनं आलेखात तो दिवस नोंदवला: दुपारी चार ते आठ हालचाल नाही. त्याच वेळात कॅमेऱ्यानं वीस-बावीस फोटो मात्र पाठवले होते. सगळे रिकामे, नुसतं उन्हात हलणारं गवत.

चार हरणं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. त्या रात्री मी सेन्सर कसा चालतो ते वाचायला बसले, आणि हे आधी का वाचलं नाही याची फार हळहळ वाटली.

कॅमेऱ्याच्या भिंगाखाली दुधी रंगाचं, बारीक चौकड्यांचं एक प्लास्टिक असतं. त्याच्यामागे पॅसिव्ह इन्फ्रारेड सेन्सर. हा सेन्सर हरीण ‘बघत’ नाही. समोरचा देखावा ते चौकड्यांचं प्लास्टिक पट्ट्यांत वाटून देतं, आणि एका पट्टीतली उष्णता अचानक बदलली की सेन्सर कॅमेऱ्याला उठवतो. म्हणजे त्याला दोन गोष्टी लागतात: जनावर आणि मागचा परिसर यांच्या तापमानात फरक, आणि तो फरक एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत सरकणं. नोव्हेंबरात मागचं रान गोठलेलं आणि हरीण ऊबदार, फरक मोठा. सप्टेंबरच्या उन्हात तापलेलं गवत, तापलेली माती आणि हरणाच्या केसांची बाहेरची बाजू यांत फारसा फरकच राहत नाही. हरणाच्या शरीराचं आतलं तापमान ३८-३९ सेल्सिअस असतं, पण सेन्सरला आतलं काय दिसणार? त्याला केसांचा पृष्ठभाग दिसतो, आणि तो हवेबरोबर तापतो. उलट ऊन लागलेलं गवत वाऱ्यानं सावलीत-उन्हात झुललं की तेवढा फरक त्याला पुरतो. म्हणून गवताचे बावीस फोटो आणि हरणाचा एक नाही. तो तरुण नर सरळ समोरून आला, आडवा गेला नाही, म्हणजे एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत त्याचं सरकणंही कमी. एवढ्या गरमीत तो कॅमेऱ्याला दिसायची शक्यता त्यामुळे आणखीच घटली.

याचा अर्थ काय होतो बघा. उकाड्यात हरणं हलतात की नाही हे ज्या यंत्रावरून लोक ठरवतात, ते यंत्रच उकाड्यात अधू होतं. हवा गरम, म्हणून फोटो कमी. फोटो कमी, म्हणून हरणं हलत नाहीत. आणि या निष्कर्षाखाली तापमानाचा आकडा छापलेला असतो, त्यामुळे तो खराच वाटतो. खोक्यावर ‘१०० फुटांवरून जनावर टिपतो’ असं ठळक लिहिलेलं असतं. कोणत्या तापमानाला, ते कुठेच नसतं. मला ही गोष्ट गंभीर वाटते. दहा डॉलर महिना देणाऱ्या माणसाला एवढं सांगायलाच हवं.

पडताळा घ्यायला मी सासऱ्यांचा जुना, सिम नसलेला कॅमेरा काढला. त्यात टाइम-लॅप्स आहे: सेन्सरचं काही ऐकायचं नाही, दर मिनिटाला एक फोटो काढायचा. सेल्युलर कॅमेऱ्याच्या बरोबर वर, त्याच खोडाला तो बांधला आणि दुपारी चार ते साडेसात ही वेळ लावली. एका संध्याकाळचे २१० फोटो. पुढच्या चार गरम संध्याकाळी दोन्ही चालू ठेवले आणि रविवारी सासऱ्यांबरोबर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून सगळे बघितले. मुलगी शेजारी वहीत रेघा मारत होती. चारपैकी तीन संध्याकाळी टाइम-लॅप्समध्ये उजेड असताना हरणं होती. सेल्युलरनं त्यातल्या एकाच संध्याकाळी, एकाच मादीचा फोटो पाठवला होता. चार संध्याकाळींवरून शास्त्र बनत नाही, पण माझा ॲपवरचा विश्वास उडायला तेवढं पुरलं.

आता प्रश्न उरतो तो खरा: उकाड्यानं हरणांच्या चालीत फरक पडतो की नाही? पडतो. पण ॲप म्हणतं तसा नाही. व्हाइटटेलला आपल्यासारखा भरभरून घाम येत नाही. धापा टाकून आणि सावलीत निश्चल बसून ते अंग गार ठेवतं. गरम दिवशी ती उत्तरेच्या उताराला, घळीच्या तळाशी, झऱ्याच्या ओलाव्याजवळ बसतात. रवंथ करणारं जनावर आहे, दिवसातून चार-पाच वेळा त्याला उठून खावंच लागतं. फक्त त्या खेपा आखूड होतात. बसल्या जागेपासून पन्नास-शंभर पावलं, तिथलाच पाला ओरबाडायचा, परत बसायचं. उघड्यावर, शेतात यायची वेळ पुढे सरकते, दिवेलागणीला किंवा नंतर. हरणांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे घालून जे अभ्यास झालेत त्यांतूनही हेच दिसतं की दिवस उगवताना आणि मावळताना हलायची त्यांची सवय फार पक्की आहे, हवामान तिला थोडंफार इकडे-तिकडे ढकलतं. नोव्हेंबरातला माजसुद्धा दिवसाच्या लांबीवर ठरतो, थंडीवर नाही. म्हणून कॅमेरा शेताच्या कडेला बांधला असेल तर उकाड्यात रिकामे फोटो येणारच. हरणं आहेत, पण ती आत आहेत.

मी स्वतः इथे एक चूक केली होती. कॉलेजात असताना बुद्धपौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या मोजणीला मी नागझिऱ्यात मचाणावर बसले होते. वैशाखातली ती रखरख, पानगळीनं उघडं पडलेलं रान, आणि पाण्यावर येणारी चितळं, रानडुकरं, गवे. ते चित्र डोक्यात इतकं घट्ट होतं की गरम म्हणजे पाणी, पाणी म्हणजे हरीण, असं मी इथेही धरून चालले आणि कॅमेरा तळ्यावर बांधला. पण विस्कॉन्सिनचा सप्टेंबर वैशाख नाही. रान हिरवं असतं, सकाळी गवत दवानं भिजलेलं, पाल्यातूनच हरणाला बरंच पाणी मिळतं. शिवाय घळीघळीत झरे आहेत. पाणवठ्यावर येण्यावाचून त्यांचं अडत नाही. २०२४ चा सप्टेंबर कोरडा गेला तेव्हा तळ्याला थोडं महत्त्व आलं, २०२३ ला तिथे फारसं काही नव्हतं.

तळ्यावरच्या कॅमेऱ्याचा एक वेगळा उपयोग मात्र आहे. उन्हाळा सरताना बारीक चिलटांमधून हरणांना एक रक्तस्रावी ताप होतो, ईएचडी म्हणतात. तो पाण्याच्या चिखलट कडांशी पसरतो आणि पहिल्या कडक, गोठलेल्या दहिवरापर्यंत टिकतो. तापलेली हरणं पाण्याजवळ येऊन पडतात. रोज सकाळी मी तेवढ्यासाठी तळ्याचे फोटो बघते. तसं काही दिसलं तर राज्याच्या निसर्ग-संपत्ती खात्याला कळवायचं असतं. सुदैवानं अजून वेळ आली नाही.

सेन्सर सोडला तरी आलेख आणखी दोन बाबतींत फसवतो.

एक म्हणजे ओकची फळं. पांढऱ्या ओकची फळं साधारण सप्टेंबरच्या उत्तरार्धात पडायला लागतात. त्यांत तुरटपणा कमी, हरणांना ती फार आवडतात. त्याच सुमारास सोयाबीनची पानं पिवळी पडतात आणि हरणांना त्यांची गोडी राहत नाही. मग ती एका रात्रीत शेत सोडून वरच्या रानात जातात. शेतावरचा कॅमेरा ओस पडतो, आणि नेमका तो आठवडा गरम असला तर दोष उन्हाला. सासऱ्यांनी मला हे पहिल्या वर्षी सांगितलं होतं: “कॅमेऱ्याकडे नको बघूस, झाडाखाली बघ.” मी झाडाखाली बघितलं नव्हतं.

दुसरं म्हणजे माझा वास, आणि हे मला मचाणावर बसल्याबसल्या कळलं. १६ सप्टेंबरची संध्याकाळ, पुन्हा पंच्याऐंशीच्या आसपास. इथे मिल्कवीड नावाचं झाड शेताच्या बांधाबांधावर असतं. आपल्या रुईच्या कुळातलंच, तसाच चीक आणि शेंगेत तसाच रेशमी कापूस. लहानपणी आपण जी ‘म्हातारी’ फुंकरीनं उडवायचो, तीच. वारा बघायला शिकारी खिशात एक शेंग ठेवतात. साडेसहाला मी एक म्हातारी सोडली. ती माझ्या नाकासमोरून वर गेली, उताराला धरून, दिवसभर तापलेल्या हवेबरोबर. सातला दहा मिनिटं कमी असताना दुसरी सोडली. ऊन नुकतंच डोंगराआड गेलं होतं. ती हातभर लांब जाऊन हवेत थबकली, नुसती गोल फिरत राहिली. दोन-तीन मिनिटांनी तिसरी सोडली, आणि ती पाण्यासारखी उतारावरून खाली घरंगळली. ओकच्या खोडाला वळसा घालून, गवताच्या शेंड्यांवरून, थेट तळ्याकडे. तळ्यावर एक मादी पीत होती. म्हातारी तिच्यापर्यंत पोचली की नाही ते अंतरामुळे दिसलं नाही, पण माझ्या घामाचा वास पोचला. तिनं मान वर केली. पुढचा डावा पाय उचलला, आपटला. पुन्हा आपटला. मग नाकातून फुर्रकन असा आवाज काढला की माझ्या छातीत धस्स झालं, आणि शेपटीचा पांढरा झेंडा उभारून ती घळीत दिसेनाशी झाली.

गरम, स्वच्छ दिवसांत ही हवेची उलटापालट फार जोरात होते आणि घळीत सूर्य लवकर बुडतो म्हणून ती हरणं यायच्या ऐन वेळी होते. मी तळ्याच्या वर बसत होते. रोज दिवेलागणीला माझा वास मी स्वतःच त्यांच्या पाण्यावर ओतत होते. मग ती मी उतरून घरी गेल्यावर, आठ वाजता यायची, आणि ॲप लिहायचं: ७१ अंशाला हालचाल सुरू.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं आणि मी मचाण हलवलं. बांधाच्या खालच्या बाजूला, घळीच्या तोंडाशी, जिथून उतरणारी हवा तळ्यापासून दूर जाते. त्याच आठवड्यात, ८२ अंशाच्या संध्याकाळी, सूर्यास्ताला अर्धा तास असताना मला मादी मिळाली. बाण फुप्फुसांतून गेला, साठ पावलांवर ती पडली. मी तिच्याजवळ बराच वेळ बसले. कॅमेऱ्यानं त्या संध्याकाळचा एकही फोटो पाठवला नव्हता.

उकाड्यात शिकार करणार असाल तर मांसाचं आधी ठरवून ठेवा, कॅमेऱ्याचं नंतर. नोव्हेंबरात हरीण रात्रभर बार्नमध्ये टांगलं तरी चालतं. सप्टेंबरात लगेच आतडी काढायची, पोकळीत बर्फाच्या पिशव्या भरायच्या, कातडं उतरवायचं, कारण तो केसाळ कोट उष्णता आत कोंडून धरतो. मांस ४ सेल्सिअसच्या खाली जाईपर्यंत थांबायचं नाही. आम्ही वीस पौंडी बर्फाच्या चार पिशव्या फ्रीझरमध्ये तयार ठेवतो. मारलेल्या हरणाची नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते. शिवाय या काउंटीत सीडब्ल्यूडी हा हरणांच्या मेंदूचा रोग आहे, विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ मध्ये उघडकीला आला, त्यामुळे डोकं तपासणीच्या पेटीत नेऊन ठेवतो आणि निकाल येईपर्यंत मांसाला हात लावत नाही.

कॅमेऱ्याच्या बाकीच्या गोष्टी पटकन सांगते.

तापमानाच्या आकड्यावर विसंबू नका. तो पेटीच्या आतला असतो. बार्नवर ८६ असताना दुपारच्या उन्हात पेटीनं ९७ लिहिलं होतं. सिग्नल: सोंडेवर उत्तम, घळीत अधूनमधून. आमच्या तळ्यावर दोन काड्या येतात आणि फोटो कधी कधी तासभर उशिरा पोचतो. घेण्याआधी तुमचा फोन घेऊन त्या झाडाखाली उभे राहा, एवढं केलंत तरी अर्धी डोकेदुखी टळेल. बॅटरी: ‘लगेच पाठव’ वर ठेवली तर आमच्याकडे सहा आठवडे, दिवसातून दोनदा पाठवलं तर हंगामभर. छोटी सोलर पट्टी जोडल्यावर हा प्रश्न मिटला. रात्रीचा फ्लॅश न दिसणाऱ्या प्रकाशाचा आहे, हरणं बिचकत नाहीत. फोटो थोडे भुरकट येतात, पण नर-मादी सहज कळतात.

ग्राहक सेवेचा अनुभव वाईट आला. गरमीत सेन्सर चुकतो का, असं मी तीनदा लिहून विचारलं. तिन्ही वेळा उत्तर आलं की सॉफ्टवेअर अपडेट करा. चौथ्यांदा मी टाइम-लॅप्सचे फोटो जोडले, त्याला उत्तरच नाही. शिवाय फेब्रुवारीत कॅमेरा कपाटात असताना प्लॅन आपोआप सुरू राहिला आणि चार महिन्यांचे पैसे गेले. ते ॲपमध्ये स्वतः जाऊन थांबवावं लागतं.

हे सगळं असूनही उकाड्यात कॅमेऱ्याकडून जास्तीत जास्त काम कसं काढायचं ते आम्हाला हळूहळू जमलं. तोंड उत्तरेकडे ठेवायचं, म्हणजे समोरून ऊन येत नाही. दिवसभर सावलीत राहणारी पायवाट निवडायची, तिथली माती थंड राहते आणि सेन्सरला फरक मिळतो. अंतर दहा-पंधरा फूट, त्याहून जास्त नाही, उंची कमरेएवढी. वाट कॅमेऱ्यासमोरून आडवी जायला हवी. समोरचं गवत विळ्यानं साफ. संवेदनशीलता सर्वांत वरच्या पायरीवर, आणि दहिवर पडायला लागलं की मधल्या पायरीवर आणायची. २०२४ च्या सप्टेंबरअखेर मी तो तळ्यावरून काढून उत्तरेच्या उतारावर, त्यांच्या बसायच्या जागेपासून ऐंशी-नव्वद पावलांवर नेला. त्यानंतर दिवसा, भर उजेडात, ७८ अंशाला पहिल्यांदा फोटो आला: तीच दोन पाडसं बहुतेक, कान टवकारून. त्याहून आत मी जाणार नाही. त्यांना बसायला एक जागा तरी निर्धास्त हवी.

आणि ज्यासाठी घेतला होता ते काम त्यानं चोख केलं. सासरे पहाटे पाचला उठतात, चष्मा लावतात आणि कॉफी होईपर्यंत रात्रीचे फोटो बघतात. ऑपरेशननंतरच्या त्या पहिल्या शरदात ते दिवसभर खिडकीशी बसून असायचे, फारसं बोलायचे नाहीत. एका सकाळी त्यांनी मला हाक मारून फोन पुढे केला. रॅकून आपल्या चार पिल्लांना घेऊन बांधावरून चालली होती. “बघ, माझ्या बांधावरून,” म्हणाले. शंभर डॉलर मला तिथेच वसूल झाले. शिवाय कार्ड काढायला दर आठवड्याला रानात जावं लागत नाही, आपला वास तिथे पसरत नाही, हा फायदा खरोखर मोठा आहे.

नोव्हेंबरासाठी पाचपैकी साडेचार. सप्टेंबरासाठी दोन, आणि तेही शेजारी टाइम-लॅप्सचा जुना कॅमेरा असेल तर. दोन्हीसाठी पैसे नसतील तर आधी टाइम-लॅप्सचा साधा घ्या, तो निम्म्या किमतीत मिळतो. आमचे दोन्ही गेल्या रविवारी उत्तरेच्या उतारावर बांधून आलोय. वरच्या पांढऱ्या ओकला यंदा फळ भरपूर धरलंय, आणि पुढच्या आठवड्याचा अंदाज ८४ अंशांचा आहे.